शेवटच्या बाळंतपणानंतर

बाई गरोदर राहिली की आरोग्यखात्याला ती दिसू लागते. आशाताई घरी येतात, कार्ड तयार होतं, दर महिन्याला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी. बाळंतपण दवाखान्यात होतं, मग बाळाच्या लसींसाठी उपकेंद्राच्या खेपा होतात. दुसरं मूल झालं, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, धाकट्याचे शेवटचे डोस संपले की त्या बाईचं नाव सगळ्या वह्यांमधून गळतं. तिचं वय तेव्हा बहुधा तिशीच्या आत-बाहेर असतं. पुढे पाळी जाईपर्यंतची वीसेक वर्षं आणि त्यानंतरचं म्हातारपण, एवढ्या काळात तिला कोणी हाक मारून बोलावत नाही. नेमक्या याच काळात गर्भाशयाच्या मुखावरचे बदल हळूहळू वाढतात, रक्तदाब चढतो, साखर रक्तात साठू लागते, स्तनात न दुखणारी गाठ धरते.

नाटे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, राजापूर तालुक्यातलं गाव. एका अंगाला जैतापूरची खाडी, यशवंतगड, मुसाकाजीचं बंदर. शेजारी साखरी नाट्याची मच्छीमार वस्ती. वर सड्यावर आंब्याच्या बागा, खाली भातशेती. पुरुष होडीवर, बागेत, नाहीतर मुंबईत. घर, शेत, मासळी वाळवणं-विकणं, म्हाताऱ्यांचं औषधपाणी बाईकडे. ग्रामीण रुग्णालय राजापुरात. जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला, आडिवरे-पावस करत किनाऱ्याच्या रस्त्याने. एका तपासणीसाठी जायचं तर अख्खा दिवस मोडतो. या गावात कॅन्सर हा शब्द नवा नाही. शेजारच्या माडबनच्या अणुऊर्जा प्रकल्पावरून वाद पेटला तेव्हा किरणोत्सर्गाने काय होईल, हा प्रश्न इथल्या लोकांनी पुन्हा पुन्हा विचारला, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. मला मात्र त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न मांडायचा आहे. जे कॅन्सर आजच घराघरांत होऊ शकतात, जे वेळेत पाहिले तर थांबवता येतात किंवा बरे करता येतात, त्यांच्यासाठी या गावातल्या तिशीपुढच्या बाईला किती वेळा बोलावलं गेलं?

या प्रश्नाचं देशपातळीवरचं उत्तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आहे. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या फक्त १.९ टक्के. स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के, तोंडाची तेवढ्याच. दुसऱ्या बाजूला जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू. स्तनांच्या कॅन्सरचे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू.

बाईकडे फक्त आई म्हणून पाहण्याच्या सवयीवर पहिला मोठा घाव महाराष्ट्रातूनच पडला. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननमार्गाचा संसर्ग यांपैकी काही ना काही होतं, एकेकीला सरासरी तीन-साडेतीन आजार. आधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, कंबर धरते, हे बाईचं नशीबच अशी समजूत होती आणि सरकारी यंत्रणेलाही ती सोयीची होती. त्या अभ्यासानंतर आरोग्यधोरणाच्या भाषेत बाळंतपणापलीकडची बाई आली. गावच्या उपकेंद्रात ती अजून पुरती पोचलेली नाही.

पुढची गोष्ट बार्शीची. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सर रुग्णालय उभं केलं आणि १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. गावोगावी जाऊन, लक्षणं समजावून सांगून, कोणाला काय झालं याची नोंद ठेवली गेली. केवळ समजावण्यानेही बायका आजाराच्या अलीकडच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागतात, हे या कामातून दिसलं. याच पायावर उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची एक प्रचंड चाचणी झाली. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर निरोगी स्त्रिया, चार गट. एका गटाची हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्याची पॅप, म्हणजे काचेवर पेशी घेऊन पाहण्याची; तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं; चौथ्या गटाला नेहमीची सेवा. प्रत्येकीची तपासणी एकदाच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सेवेच्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि आम्लाच्या तपासणीच्या गटांत मात्र तसा खात्रीलायक फरक दिसला नाही.

इथे थांबून आम्लाच्या तपासणीबद्दल बोलायला हवं, कारण आपल्या सरकारी कार्यक्रमाचा पाया तीच आहे. तीन ते पाच टक्क्यांचं ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच्याच जातीचं, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखावर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडू लागलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. प्रशिक्षित नर्स ते पाहू शकते, निकाल तिथल्या तिथे मिळतो, प्रयोगशाळा लागत नाही. ही पद्धत उस्मानाबादला कमी पडली. पण तमिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात एकाच तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून केलेल्या चाचणीत ती यशस्वी ठरली. मुंबईत दीड लाख स्त्रिया दोन गटांत होत्या. शाळेपुरतं शिक्षण झालेल्या स्थानिक बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन तपासणीला बसवलं होतं. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते.

एकच पद्धत, तीन ठिकाणी वेगवेगळे निकाल. मला यातून एवढं स्पष्ट दिसतं की डोळ्यांनी पाहण्याची तपासणी पाहणारीच्या सरावावर उभी असते, आणि सराव फेऱ्यांनी येतो. एचपीव्हीची चाचणी यंत्र करतं, म्हणून ती एकदा केली तरी पुरेसं संरक्षण देते. आम्लाची तपासणी माणूस करतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते, तपासणारीची तपासणीही होत राहावी लागते. मुंबईच्या चाचणीत पांढरा डाग दिसलेल्या दर पाच बायकांपैकी चार पुढच्या तपासणीला पोचल्या, हे त्या यशाचं अर्धं कारण असावं. त्या बायकांच्या घरी कोणीतरी गेलं होतं.

या चाचण्यांत तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नाही, त्यांना फक्त आरोग्यशिक्षण मिळालं. त्यावर नीतिशास्त्राच्या अंगाने कडक टीका झाली आणि ती रास्त आहे. धाराशिवच्या खेड्यांतल्या आणि मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बायकांनी आपल्या शरीरांनी सिद्ध करून दिलेलं ज्ञान जगभर वापरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्हीच्या चाचणीचीच शिफारस केली, त्यामागच्या पुराव्यात मराठवाड्यातल्या या बायका आहेत. त्यांच्याच राज्यात ही चाचणी अजून खेड्यातल्या उपकेंद्राला परकी असावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तपासणीची जागा रिकामी राहिली की तिथे भीती घुसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या, कित्येकींच्या ऐन तरुण वयात. पांढरं जातं, पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेल्याच्या तक्रारी होत्या. गर्भाशयमुखाची साधी तपासणी झाली असती तर ‘तुला कॅन्सर नाही, हा संसर्ग आहे, औषधाने बरा होईल’ हे त्यातल्या पुष्कळ जणींना कळलं असतं. नियमित तपासणीचा हा उपयोग फारसा बोलला जात नाही. ती आजार शोधते, तशीच आजार नसल्याची खात्रीही देते, आणि ती खात्री हातात असलेल्या बाईला कोणी सहजी घाबरवू शकत नाही.

स्तनांच्या बाबतीत पुरावा इतका स्वच्छ नाही. मुंबईच्याच त्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्या हाताने स्तन तपासत होत्या. वीस वर्षांचे निकाल २०२१ मध्ये आले. तपासणीच्या गटात आजार अलीकडच्या टप्प्यावर सापडला. पुढे गेलेले कॅन्सर तुलनेच्या गटात ४७ टक्के होते, तपासणीच्या गटात ३७ टक्के. मृत्यूंमधली घट पन्नाशीपुढच्या बायकांत जवळपास ३० टक्के होती, पन्नाशीच्या आत मात्र ठाम घट दिसली नाही. स्वतःचे स्तन स्वतः ठरावीक पद्धतीने तपासण्याचा प्रयोग शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर झाला. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. तरी बाईने आपलं शरीर ओळखावं, नवी गाठ, आत ओढलेलं बोंड, रक्ताचा स्राव दिसला तर त्याच आठवड्यात दाखवावं, हे मी आग्रहाने सांगेन. कोकणातल्या बायका ‘दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही’ म्हणतात, आणि स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तोंडाची तपासणी सगळ्यांत सोपी, तरी सगळ्यांत उपेक्षित. टॉर्च, हातमोजे आणि दोन मिनिटं पुरतात. कोकणात मशेरी लावणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भाजलेल्या तंबाखूची ही पूड सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांवर बसते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून आशाताईंच्या तक्त्यात ‘तंबाखू?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलं जाण्याचा धोका असतो. ‘मशेरी लावता का?’ असा सरळ प्रश्न विचारला तरच खरं उत्तर मिळेल. तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम, जबडा कमी उघडणं, एवढं पाहता आलं तरी पुष्कळ.

आता रक्तदाब आणि साखर. कॅन्सरच्या भीतीपुढे यांची चर्चा फिकी पडते, पण पाळी गेलेल्या बाईच्या जिवाला हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका कॅन्सरपेक्षा मोठा असतो. वर्षातून एकदा दंडाला पट्टा बांधणं आणि बोटातून थेंबभर रक्त घेणं, या दोन तपासण्या खर्चाच्या मानाने फार उपयोगी पडतात. गरोदरपणी ज्यांची साखर वाढली होती, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. ती नोंद गरोदरपणाच्या कार्डावर असते आणि कार्ड संपल्यावर कोणी उघडत नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातून औषधांचा ठरलेला क्रम आणि न आलेल्या रुग्णाला शोधण्याची पद्धत राबवली गेली. रत्नागिरीकरांनी ती पाहण्यासारखी आहे. आणि पंडुरोग? महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. दम लागतो, चक्कर येते, हे लावणीच्या दिवसांत सगळ्यांनाच होतं असं म्हणून सोडून दिलं जातं.

शहरात ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पाकिटं विकली जातात, आणि मुंबईची सून किंवा लेक गावच्या आईला गणपतीनंतर घेऊन जाऊन ती करवते. त्यामागची माया खरी. पण बिनलक्षणाच्या बाईची अंडाशयाच्या कॅन्सरसाठी दरवर्षी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी केल्याने मृत्यू कमी होत नाहीत, हे ब्रिटनमधल्या दोन लाख स्त्रियांच्या चाचणीने २०२१ मध्ये दाखवून दिलं. त्याच पाकिटात गर्भाशयमुखाची तपासणी अनेकदा नसते, कारण त्यासाठी डॉक्टरला प्रत्यक्ष तपासावं लागतं. पैसे द्यायचेच असतील तर आधी विचारावं, एचपीव्हीची चाचणी आहे का?

सरकारच्या कागदावर व्यवस्था आहे. २०१६ च्या केंद्रीय आराखड्याप्रमाणे तिशीपुढच्या प्रत्येकाचा आशाताईंनी तक्ता भरायचा, रक्तदाब-साखर दरवर्षी, आणि स्त्रियांची तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांची तपासणी दर पाच वर्षांनी, ६५ वर्षांपर्यंत. उपकेंद्रं आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आहेत, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ अभियान काढलं, त्यात अठरा वर्षांपुढच्या स्त्रियांच्या तपासण्या झाल्या. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खेड्यांत कॅन्सर तपासणीचं काम केलं. रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आजार निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मिळतात.

अडतं ते शिबिराच्या दुसऱ्या दिवशी. शिबिरात मंडप पडतो, रांग लागते, आकडे वर जातात, आणि ज्या बाईला ‘राजापूरला जाऊन दाखवा’ असं सांगितलं ती घरी जाऊन कोणाला काही सांगत नाही. नवरा होडीवर, मुलगा मुंबईला; फोनवर ‘गणपतीला येतो तेव्हा बघू’ ठरतं. साखरी नाट्यात स्त्री कर्मचारी नसेल तर बायका तपासणीच्या पडद्याआड जाणारच नाहीत. शिबिराची तारीख जूनअखेर पडली तर लावणी, मार्च-एप्रिलात आंब्याची तोड, ऑक्टोबरनंतर मासळी, मध्येच कधी रमजान. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमार घरांतल्या बायकांना तुलनेने सवड असते; शेती करणाऱ्या बायकांना तीच वेळ सर्वांत वाईट. एकाच गावात दोन वेगळी पंचांगं चालतात, आणि जिल्ह्याहून ठरलेली तारीख दोन्हींत बसत नाही.

म्हणून मला एचपीव्हीच्या चाचणीची आशा वाटते. तिचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, घरी, दार लावून, मऊ ब्रशने. लाज, पडदा, परपुरुष, पाय वर करून झोपणं, ही सगळी भिंत त्या एका गोष्टीने खाली येते. नमुना रत्नागिरीला जाईल, बाईला जावं लागणार नाही. ज्यांचा निकाल चांगला आला त्यांना पुढची पाच वर्षं निश्चिंती. ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांच्यापुरतीच नर्सची तपासणी आणि, लागलंच तर, तो भाग उष्णतेने जाळण्याचा छोटा उपचार. पाळी गेल्यावर बिघडणारा भाग मुखाच्या आत सरकतो आणि आम्लाची तपासणी निरुपयोगी होऊ लागते, तिथेही विषाणूची चाचणी चालते. मुलींसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून बाजारात आहे. ती विषाणूच्या आधी पोचायला हवी, म्हणून नऊ ते चौदाचं वय योग्य. आज ज्यांचं वय चाळीस आहे त्यांना मात्र लसीपेक्षा तपासणीच हवी.

हे काम किती मोठं आहे ते मोजून पाहावं. पाच हजार लोकवस्तीच्या उपकेंद्रात ३० ते ६५ वयाच्या साधारण हजार-अकराशे बायका येतात. पाच वर्षांत प्रत्येकीची एकदा तपासणी करायची तर वर्षाला दोनशे-सव्वादोनशे, म्हणजे आठवड्याला चार किंवा पाच. मंडप लागत नाही, लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी शेजारच्या खोलीत हे होऊ शकतं. उस्मानाबादला एचपीव्ही सापडण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. तेच धरलं तर वर्षाला वीस-बावीस जणींना पुढच्या तपासणीला न्यावं लागेल. महिन्याला दोन. त्या दोघींच्या एसटीच्या भाड्याची तरतूद, सोबत जायला आशाताई आणि त्या खेपेचा मोबदला, राजापुरात त्या दिवशी हजर असलेली स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि उपकेंद्रात एक अशी वही, जिच्यात नाव गरोदरपणी चढेल आणि पासष्टाव्या वर्षापर्यंत खोडलं जाणार नाही: ग्रामपंचायतीने पुढच्या ग्रामसभेत आरोग्यखात्याकडे एवढंच लेखी मागावं, आणि दर सहा महिन्यांनी त्या दोन-दोन नावांचं काय झालं ते विचारावं.